दम धरा, काकू

आई न्हाणीघरात घसरून पडली. हाडं वाचली, पण तिचा धीर खचला. पंडरीच्या कापडबाजारात एकटीनं जाऊन दुकानदारांना घाम फोडणारी बाई शंकर नगरातल्या घरात भिंती चाचपत फिरू लागली. "मले एकदा एकटीनं पंडरीला जाऊ दे, मग काही नाई मागणार," म्हणायची. ते ऐकून मला भडभडून यायचं आणि मी उगाच चिडायचो.

डॉक्टरांनी होकार दिल्यावर शेजारची योग शिकवणारी मुलगी घरी येऊ लागली. पोट्टी मराठी घरातली, पण बोलणार हिंदीत. ताडासन शिकवते म्हणाली. नुसतं उभं राहायला शिकवणी कसली, असं मला वाटलं. तिनं मात्र आईला भिंतीजवळ उभं केलं, समोर खुर्ची ठेवली. पायांत थोडं अंतर, भार दोन्ही तळव्यांवर सारखा, गुडघे आवळायचे नाहीत, डोळे उघडे. तोल जाईल म्हणून हात वर नेऊच दिले नाहीत. मी मनातल्या मनात तिला सलाम ठोकला.

आई घाईघाईनं श्वास घेऊ लागली. तेव्हा त्या पोट्टीनं आपल्या आजीचं मराठी बाहेर काढलं. "काकू, दम धरा."

तिला म्हणायचं होतं, सावकाश. आईनं श्वासच कोंडला. चेहरा लालबुंद झाला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तिनं खुर्ची गच्च धरली.

"अरे काकू, साँस क्यों रोक ली?"

"तूच तं म्हणाली, दम धरा म्हणून!"

दोघी हसत सुटल्या. त्या हसण्यात आईचे हात खुर्चीवरून कधी सुटले, ते तिलाही कळलं नाही. मग ती रोज उभी राहू लागली. नाकानं संथ श्वास घ्यायचा, संथ सोडायचा. गरगरलं की हट्ट न करता बसायचं. माझी हट्टी आई इतक्या शहाण्यासारखी वागताना पाहून मी थक्क व्हायचो.

परवा आम्ही पंडरीला गेलो. "तू गाडीपाशीच थांब," असं बजावून ती एकटी दुकानाकडे निघाली. गर्दीत कुणाचा तरी धक्का लागला आणि ती डुलली. मी धावलो. तोवर तिनं पाय रोवले होते, खांदे सैल सोडले होते. तिनं कशालाच धरलं नव्हतं. मी हात पुढे केला.

"दम धर," ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे पाहून हसली. "अन् तू काहून दम कोंडून उभा हायेस? सोड ना."