भरलेली बरणी

मसाल्याचं कपाट आज आवरायला काढलं. बरण्या अठरा निघाल्या आणि सगळ्या भरलेल्या. भरलेली बरणी दिसली की घर नीट चाललंय असं मला वाटतं.

एकेकीतलं चिमूटभर तळहातावर चोळून वास घेतला. जिऱ्याला थोडा होता, धन्यांना अजिबात नव्हता आणि दगडफुलाला चक्क कपाटाचाच वास लागला होता. अगदी मागे आईने दिलेला गोडा मसाला सापडला. कीड लागू नये म्हणून तिने ठेवलेला हिंगाचा खडा अजून तसाच वर होता. पाहुण्यांसाठी म्हणून मी तो मसाला जपला होता. चोळून पाहिला, तर निव्वळ भुसा.

तेवढ्यात आईचाच फोन आला. "यंदाचा मसाला भाजायला घेतलाय. तुझा संपला असेल ना?"

"नाही गं, भरपूर आहे. जपून वापरते," मी तिला बरं वाटावं म्हणून म्हणाले.

ती म्हणाली, "म्हणजे वर्षभर तू जेवलीस तरी काय?"



दुपारी सगळ्या बरण्या रिकाम्या करून, धुऊन उन्हात पालथ्या घातल्या. आता वाण्याकडून पन्नास-पन्नास ग्रॅमच आणणार आहे. आईचा नवा मसाला आला की पुढच्या फळीवर, मिठाशेजारी ठेवणार आहे. आणि तो संपला की तिला लगेच फोन करणार आहे.