सूर्य तळहातावर धरलेली सुजाता

मला असल्या गोष्टी कधीच पटल्या नाहीत. कुणी सांगायला लागलं की मीच त्याची खेचायचो. आता माझ्यावरच लिहायची पाळी आलीय... हसायचं तर हसा.

मी सानपाड्याला राहतो, तुर्भ्याच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. फोटोग्राफीचं वेड, त्यातही फक्त सूर्यास्त. रविवारी बायकोला, सुजाताला, घेऊन खाडीकाठी जायचो. ती माझ्याकडे पाठ करून हात वर धरणार, मी खाली बसून असा अँगल लावणार की सूर्य बरोब्बर तिच्या तळहातावर! आकाश लखलखीत, ती पूर्ण काळी. फोटोग्राफीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लोक वेडे व्हायचे.

"अहो, खांदा भरून आला," ती म्हणायची.

"दोनच मिनिटं. हलू नकोस, सूर्य सटकेल!"

दोन मिनिटांचा अर्धा तास व्हायचा.

गेल्या वर्षी ती गेली. कॅन्सर... कळल्यापासून चार महिन्यांत सगळं संपलं. तेराव्याला हार घालायला फोटो हवा होता. लग्नातला होता, पण त्यात ती पोरगी दिसते. लेकीच्या मोबाइलमध्ये होते ते हॉस्पिटलातले. आणि माझ्याकडे शेकड्याने फोटो, एकातही तोंड नाही! फ्रेमवाला म्हणाला, "काका, हे सगळे काळेच आहेत." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या संध्याकाळी लेक ऋतुजा शेजारी बसली होती. म्हटलं, एखाद्या फोटोत ती जरा वळली असेल, गालाची कड तरी मिळेल. चार वर्षांपूर्वीचा एक फोटो लॅपटॉपवर उघडला आणि काळा भाग उजळवत नेला. हिरवा ड्रेस दिसला, पाठीवरची ओढणी दिसली. त्यावर केसांचा अंबाडा दिसायला हवा होता.

चेहरा आला.

अहो, पाठ होती तिची माझ्याकडे! पावलं खाडीकडे, हात सूर्याकडे... आणि चेहरा सरळ माझ्याकडे. ओठ आवळलेले, डोळे भरलेले. दुसरा उघडला, तिसरा उघडला — सगळ्यांत तेच. जसजसे अलीकडचे फोटो येत गेले, तसतसं तोंडावरचं दुखणं वाढत गेलेलं.

ऋतुजानेही पाहिलं. मग हळूच म्हणाली, "बाबा, आईला तेव्हापासूनच दुखत होतं?"

मी लॅपटॉप मिटला.

ग्रुपवरचा एक मित्र म्हणाला, अंधारातला फोटो ओढूनताणून उजळला की असले आकार दिसतात. दिसत असतील. पण आम्हा बापलेकीला सारखेच? तेराव्याला शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला. कॅमेऱ्याला त्यानंतर हात लावलेला नाही.

पाठ केलेल्या बाईचा चेहरा फोटोत कसा आला, मला आजही ठाऊक नाही. ती एकदाही मागे वळली नव्हती, हे शपथेवर सांगतो. पण चार पावलं पुढे जाऊन तिच्या तोंडाकडे बघायला माझं काय जात होतं हो?