गंगेत सोडलेल्या पिशव्या

पंचवटीत भाजीबाजाराच्या तोंडाशी माझे वडील फुलं विकायचे. दुकान म्हणजे एक फळी आणि वर ताडपत्री. मळ्यातला झेंडू, शेवंती ते पळसाच्या पानांत बांधून द्यायचे. पानं पेठच्या जंगलाकडची एक बाई डोक्यावरून आणायची. गिऱ्हाइकं फुलं देवाला वाहायची आणि दुसऱ्या दिवशी निर्माल्य त्याच पानांत गुंडाळून गंगेत सोडायची. आम्ही नाशिकची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतो. निर्माल्य कुणाच्या पायाखाली येऊ नये, एवढीच सगळ्यांची काळजी.

दुकानात प्लॅस्टिकच्या पिशव्या मी आणल्या. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी कॉलेजात प्राणिशास्त्राची प्रात्यक्षिकं घ्यायचे आणि शिकल्याचा मला चांगलाच ताठा होता. पानातली फुलं दुपारपर्यंत मलूल होतात, पिशवीतली टवटवीत राहतात, हे मी बाबांच्या गळी उतरवलं. गिऱ्हाइकंही खूश झाली. आता ती निर्माल्य पिशवीत भरायची, वर घट्ट गाठ मारायची आणि पुलावरून खाली सोडायची. फुलं विटाळू नयेत म्हणून ती गाठ.

शंका आली ती बाबांनाच, ज्यांना सहीपुरतंच लिहिता यायचं.

"पान कुजून जातं. ही पिशवी काय कुजत नाय," ते म्हणाले. "माशांना इख तर होत नाय ना? तुझंच काम हाय ते, बघून सांग. इख असंल तर आपली पानंच बरी."

मी प्रयोगशाळेत काचेच्या तीन बरण्या मांडल्या. दोन बरण्यांत कोऱ्या पिशव्यांचे तुकडे टाकले, तिसरी तशीच ठेवली. तिन्हींत गप्पी मासे सोडले आणि रोज वेळेवर खाणं घातलं. आठ दिवसांत एकही मासा मेला नाही. उलट पिशवीच्या बरणीत एका मादीला पिल्लं झाली. मी वहीत निष्कर्ष लिहिला आणि बाबांना सांगितलं, "काही विषारी नाही."

"मंग झालं," ते म्हणाले.

त्या आठवड्यात त्यांनी पानवाल्या बाईला यापुढे पानं नकोत म्हणून सांगितलं. ती भारा खाली ठेवून थोडा वेळ फळीला टेकून बसली. भांडली नाही. पुन्हा एकदा येऊन विचारून गेली आणि मग आलीच नाही.

तीन-चार वर्षांनी विद्यार्थ्यांची सहल घेऊन मी कोकणात गेले. किनाऱ्यावर एक मोठं कासव मरून पडलं होतं. अंगावर जखम नव्हती, म्हणून आम्ही ते फाडून पाहिलं. आतड्याच्या सुरुवातीलाच पिशव्यांचा बोळा अडकला होता. त्याच्या पुढच्या आतड्यात अन्नाचा कण नव्हता. शेजारी जाळं विणत बसलेला कोळी वरही न बघता म्हणाला की पाण्यात तरंगती पिशवी कासवाला जेलीफिशसारखी दिसते. त्यांच्यात हे सगळ्यांना माहीत होतं.

विष नव्हतंच. मी विष शोधत बसले आणि ते नाही म्हणून खूश झाले. भुकेलं जनावर त्या पिशवीला काय समजेल, हा प्रश्न मला सुचलाच नाही. माझे मासे पोटभर खाऊन बरणीत फिरत होते, त्यांना कशाला पिशवी लागते? आमची गंगा त्या समुद्राला मिळत नाही, ती पार पूर्वेच्या समुद्राला जाते. पण तेवढ्यावर मनाची समजूत घालण्याइतकी मी मूर्ख नव्हते. तिकडेही कासवं असणारच.

परत आल्यावर मी बॅगेसकट थेट दुकानावर गेले. आपलं चुकलं, पुन्हा पानं आणा, असं सांगायचं वाटेतच पक्कं केलं होतं. बाबा एका म्हाताऱ्या बाईला शेवंती बांधून देत होते. तिनं पिशवी हातात घेऊन उलटसुलट केली.

"ही गंगेत सोडली तर चालंल का?"

"बिनघोर सोडा," बाबा म्हणाले. "आमच्या पोरीनं कॉलेजात तपासलंय. काय बी होत नाय. ही बघा आलीच, तिलाच इचारा."

बाईनं माझ्याकडे पाहिलं. बाबांनीही पाहिलं. चारचौघांत माझ्याविषयी बोलताना त्यांचा चेहरा इतका खुललेला मी कधी पाहिला नव्हता.

मी म्हटलं, "हो, चालेल."