पालमच्या पाहुण्यांनी माझे कान तपासले

मला बघायला आलेले पहिले पाहुणे पालमचे होते, आणि पोरगी बहिरी आहे अशी पक्की खबर घेऊनच ते आमच्या दारात उतरले होते. आम्हाला मात्र यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यामुळे त्या दिवशी जे झालं त्यात आमच्या घराचा काही दोष नाही, असं मी अजूनही म्हणते.

झालं होतं असं. मी बी.ए. झाले त्या वर्षी दिवाळीला हैदराबादचे मामा आले. ते तिथं विजेच्या सामानाच्या दुकानात कामाला होते. त्यांनी माझ्यासाठी एक वॉकमन आणला, सोबत काळ्या पट्टीचा हेडफोन, दोन्ही कानांवर नारिंगी स्पंजाच्या चकत्या. आमच्या गावात टेपरेकॉर्डर दोन-तीन घरांत होते, पण ते लागले की अख्ख्या आळीला ऐकू जायचे. हे यंत्र ज्याच्या कानाला त्यालाच ऐकू यायचं. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो डोक्यावरच्या टोपीवरून लावून बघितला. थोडा वेळ ऐकलं आणि काढून माझ्या हातात देत म्हणाले, "चांगलं हाय. पण एकट्यानंच ऐकायचं म्हणलं की करमत न्हाई."

मला मात्र एकटीनंच ऐकायचं होतं. मी तेव्हा सेलूला मराठी लघुलेखनाच्या क्लासला जात होते. दुसऱ्यानं बोलायचं आणि आपण रेघोट्यांसारख्या खुणांत तितक्याच वेगानं उतरवून घ्यायचं, असं ते काम. ती परीक्षा पास झालं की सरकारी कचेरीत नोकरी मिळण्याची आशा होती. क्लासचे सर भले माणूस. त्यांनी माझ्या एका कॅसेटवर आपल्या आवाजात डिक्टेशन भरून दिलं. सगळी सरकारी पत्रं. "महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की..." हे वाक्य मी त्या काळात इतक्यांदा ऐकलं की आईला हाक मारतानाही तोंडात महोदय यायचं. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला मी रेडिओवरची भक्तिगीतं भरून घेतली होती. ती थकल्यावर ऐकायला.

आमच्या गावापासून देवगाव फाट्यापर्यंत मी चालत यायची आणि तिथं सेलूच्या एसटीची वाट बघत बसायची. धूळ फार म्हणून ओढणी डोक्यावरून घट्ट बांधलेली. तिच्याखाली हेडफोन. बाहेरून दिसायची ती फक्त वायर, कानाजवळून निघून थेट पर्समध्ये गेलेली. आणि वही काढून बसायची सोय नव्हती म्हणून सरांचा आवाज सुरू झाला की मी उजव्या हाताच्या बोटानं मांडीवरच खुणा काढत राहायची. कागद नाही, पेन नाही, नुसतं बोट. वेग वाढवायला ही युक्ती सरांनीच सांगितली होती. आपण कसे दिसतो याचा विचार मी कधी केला नाही.

नामांतराच्या आंदोलनाचे ते दिवस होते. कधी बंद, कधी मोर्चा, मग गाड्या तासतास यायच्या नाहीत आणि फाट्यावर माणसं साचून राहायची. अशाच एका दिवशी एक म्हातारी बाई माझ्या शेजारी दगडी कट्ट्यावर येऊन बसली होती, इतकं मला अंधुक आठवतं. हिरवं लुगडं, मांडीवर गाठोडं. मंठ्याकडून लेकीला भेटून ती परत निघाली होती. तिनं मला काही विचारलं असणार. मी मान खाली घालून बोटानं "कार्यवाही करण्यात यावी" काढत बसले होते.

ती बाई पालमची, हे मला पुढं कळलं. तिनं मला एकदा विचारलं, "कोण्या गावची गं बाई?" मग जरा मोठ्यानं, मग आणखी मोठ्यानं. शेवटी तिनं चहाच्या टपरीवाल्याला माझ्या बापाचं नाव-गाव विचारून घेतलं आणि मनाशी हळहळली. पोरगी दिसायला बरी, पण कानाची मशीन लावूनसुद्धा ऐकू येत नाही, बिचारी बोटांनी बोलते.

पुढं महिनाभरानं आमच्या एका नातेवाइकानं माझ्यासाठी पालमचं स्थळ काढलं. मुलगा परभणीच्या कृषी विद्यापीठात बियाण्यांच्या शेतावर कामाला. वडील लहानपणीच गेलेले, चुलत्यांनी आणि आत्यानं वाढवलेला. आत्या तरुणपणीच माहेरी परत आलेली, घरात तिचा शब्द चालायचा. मुलीच्या बापाचं नाव-गाव ऐकताच आत्या म्हणाली, "ती व्हय? तिला मी बघितली की फाट्यावर. ठार बहिरी हाय."

आणि तरीही ते आले. रविवारी सकाळी, तिघंच. मुलगा, काका आणि आत्याबाई. मी साडी नेसून आत बसले होते, आत्याबाईंना बघितलं असतं तरी ओळखलं नसतं. आईनं मला चारचारदा बजावलं होतं, "मान वर करू नको. इकडंतिकडं बघू नको. इचारलं तेवढंच बोल."

मी मुरमुऱ्यांचा सुशीला आणि चहा घेऊन गेले, ठेवला आणि सतरंजीवर बसले. काका उंच, भरघोस मिशांचे. त्यांनी घसा साफ केला आणि अशा आवाजात विचारलं की गोठ्यातलं वासरू ताडकन उभं राहिलं. "बाई, शिक्षण किती झालं?"

माझ्या मनात आलं, म्हाताऱ्या माणसाला कमी ऐकू येत असेल. आपण हळू बोललो तर त्यांचा अपमान. मग मीही पोटातून जोर काढून उत्तर दिलं, "बी.ए. झालेय!"

काकांनी आत्याबाईंकडं बघून मान हलवली. बहिरी माणसं अशीच मोठ्यानं बोलतात, हे त्यांना ठाऊक होतं. दादांनीही तोपर्यंत हेरलं होतं की पाहुण्याच्या कानात दोष आहे. तेही पुढं सरकून ओरडले, "पालमला औंदा पाऊसपाणी कसं हाय?" काका दचकले. बापही बहिरा म्हटल्यावर त्यांनी आवाज आणखी चढवला, "बरं हाय! ज्वारी चांगली हाय!"

"आमच्याकडं कापूस बरा हाय!"

शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या. "काय झालं वो? भांडणं लागली का काय?" आईनं त्यांना हातानंच परत पाठवलं.

मग आत्याबाई उठल्या. पाणी प्यायच्या निमित्तानं माझ्या मागं गेल्या आणि पितळेची वाटी फरशीवर सोडली. वाटी टणटणत कोपऱ्यापर्यंत गेली. मला वाटलं, म्हातारीच्या हातातून निसटली. पण इकडंतिकडं बघायचं नाही असं आईनं सांगितलेलं. मी हललेसुद्धा नाही. आत्याबाई परत येऊन बसल्या आणि भावाच्या कानात काहीतरी पुटपुटल्या. काकांनी पंच्यानं तोंड पुसलं. आता निघायचं कसं, एवढाच प्रश्न त्यांच्यापुढं उरला होता.

इतका वेळ मुलगा एक शब्द बोलला नव्हता. बशीतला चहा संपवून त्यानं ती खाली ठेवली आणि मान वर न करता, स्वतःशीच बोलल्यासारखं अगदी हळू म्हणाला, "तुमच्या पदरापाशी पाल हाय."

मी उडालेच. कुठल्या पायानं उठले ते आठवत नाही. ट्रेला धक्का लागला, काकांचा कप आडवा झाला आणि चहा त्यांच्या धोतरावर सांडला. मी आईच्या पाठीमागं जाऊन पदर झटकत उभी.

"ऐकू येतंय की," मुलगा तितक्याच हळू आवाजात म्हणाला.

"मग फाट्यावर मी तीनदा हाक मारली तवा?" आत्याबाई बोलल्या. "कानात मशीन होती हिच्या. वायर होती. मांडीवर बोटानं काहीबाही करायली होती."

मला एकदम तो कट्टा आठवला, हिरवं लुगडं आठवलं. मी मान वर केली आणि बघितलं तर तीच बाई. लाजेनं माझे कान तापले. मी दादांना सगळं सांगितलं, आणि दादा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "म्हणजे तुमी आमाला बहिरं समजून वरडायलाव," ते काकांना म्हणाले, "अन् आमी तुमाला." काकाही हसू लागले, ओल्या धोतरासकट.

मी आतून वॉकमन आणला. काकांनी हेडफोन लावला. सरांचा आवाज सुरू झाला तसे ते आपोआप ताठ बसले. "कोण सायेब हायेत हे?" त्यांनी पुन्हा मोठ्यानंच विचारलं, कारण कानात आवाज भरला होता. "लय भरभर बोलायलेत. हे तू लिहितीस?"

"लिहिते."

त्यांनी हेडफोन काढला. "मग माझं लिही बघू. मी बोलतो."

मी वही-पेन्सिल आणली. काकांनी जरा विचार केला आणि आपल्या शेताबद्दल बोलायला लागले. विहिरीला पाणी किती, कुठल्या बांधाला लिंब, बैलजोडी कधी घेतली, धाकटा भाऊ गेल्यावर त्याच्या पोराला कसं शिकवलं. बोलता बोलता ते परीक्षा विसरले. दोन-तीन मिनिटांनी थांबले तेव्हा मी वहीवरून वाचायला सुरुवात केली. त्यांनी जसं सांगितलं तसंच, मधलं "आपलं ते हे" आणि "काय म्हणत होतो मी" यांच्यासकट. काका वहीवर वाकून त्या खुणा बघत होते. त्यात त्यांना एकही अक्षर ओळखीचं दिसेना.

"ह्याच्यात माझी विहीर कुठं हाय?" त्यांनी विचारलं. मी बोट ठेवून दाखवली. ते बराच वेळ तिथंच बघत राहिले.

आत्याबाई आता गप्प बसायला तयार नव्हत्या. "मला बी लाव." मी त्यांच्या पदराखालून हेडफोन बसवला आणि कॅसेट उलटी करून भक्तिगीतांची बाजू लावली. आधी त्यांनी दोन्ही हात कानांवर दाबले. मग डोळे मिटले. मग ओठ हलू लागले, आणि थोड्या वेळानं त्या गायला लागल्या.

आपण मोठ्यानं गातोय हे त्यांना कळत नव्हतं. आवाज जुना, जरा घोगरा, पण सूर अगदी नेमका. गाणं आम्हाला ऐकू येत नव्हतं, फक्त आत्याबाई ऐकू येत होत्या. दादांनी तंबाखूची डबी उघडली होती, ती तशीच हातात राहिली. आई दारातच खाली बसली. काका माझ्या वडिलांना हळूच म्हणाले, "पन्नास वर्षं एका घरात हाव आमी. हिचा गळा असा हाय, मला मालूम न्हवतं."

गाणं संपलं. आत्याबाईंनी डोळे उघडले तर सगळे त्यांच्याकडं बघत होते. "काय झालं? असं का बघायलाव?"

"काही न्हाई," काका म्हणाले. "अजून एक ऐक."

आठ दिवसांनी दादांना पालमचं पत्र आलं. अक्षर मुलाचं होतं. आम्हाला पसंत आहे, आणि मुलीला पसंत आहे की नाही ते तिला विचारून कळवावं, असं लिहिलं होतं. दादांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि खरोखरच मला विचारलं. असं विचारायची आमच्याकडं पद्धत नव्हती, त्यामुळे विचारताना त्यांनाही अवघड झालं. मी म्हटलं, पसंत आहे, पण लग्नानंतरही परीक्षा देणार, आणि पास झाले तर नोकरी करणार. दादांनी ते जसंच्या तसं लिहून धाडलं. उत्तरात एकच ओळ होती, "परीक्षेची फी भरायची मुदत चुकवू नये."

वैशाखात लग्न झालं. सासरी गेल्यावर पहिल्याच आठवड्यात वॉकमन आत्याबाईंच्या ताब्यात गेला. सकाळी डिक्टेशनसाठी तो मला मिळायचा, दुपारी ज्वारी निवडताना त्यांना. सेल उतरले की त्या ते पत्र्यावर उन्हात तापवून पुन्हा घालायच्या आणि सुरू झालं की नव्या सुनेसारख्या खुश व्हायच्या. आजूबाजूच्या बायका सूप घेऊन मुद्दाम आमच्या ओसरीवर येऊन बसू लागल्या.

एकदा परभणीला जाताना एसटीत मी नवऱ्याला विचारलं, "मी बहिरी आहे असं आत्याबाईंनी सांगितलं होतं, तरी तुम्ही का आलात?"

ते नेहमीसारखं हळू बोलले. "आत्या म्हणली, पोरगी बोटानं मांडीवर काहीतरी लिहीत असती. काय लिहीत असंल ते बघावं वाटलं." मग थोड्या वेळानं म्हणाले, "एवढी सरकारी पत्रं असतील असं वाटलं न्हवतं."

पालीचंही विचारलं. पाल खरंच होती, असं ते शपथेवर सांगतात. माझा विश्वास नाही.

पहिल्या खेपेला मी नापास झाले. चार दिवस रडले आणि पुन्हा फॉर्म भरला. या वेळी नवऱ्यानं रोज सकाळी कामावर जाण्याआधी घड्याळ समोर ठेवून मला वर्तमानपत्राचे अग्रलेख वाचून दाखवले. त्यांचा आवाज इतका खालचा की मला शेजारी अगदी खेटून बसावं लागायचं. सर म्हणायचे की हळू आवाजातलं डिक्टेशन घेता आलं तर कुठल्याही साहेबाचं घेता येतं. दुसऱ्या खेपेला मी पास झाले आणि वर्षभरात परभणीच्या एका कचेरीत रुजू झाले.

नोकरी लागल्यावर दादा तुरीची डाळ आणि ज्वारीचं पीठ घेऊन आले. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना कचेरी दाखवायला नेलं. माझं टेबल, टाइपरायटर, ओळीनं ठेवलेल्या पेन्सिली. मी खुर्ची पुढं सरकवली, पण ते बसले नाहीत. टेबलावरची वही उघडून त्यांनी दोन पानं चाळली, खुणांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "ह्यातलं मला कायबी वाचता येत न्हाई." त्यांच्या तोंडावर इतका आनंद मी कापसाच्या चांगल्या वर्षीसुद्धा बघितला नव्हता.