सदूकाकांचा वाटा

सूर्य दर्यात बुडाला की सदूकाका रोज त्याच्यावर चिडायचे. पर्यटक फोटो काढत उभे असायचे आणि काका आमच्या दुकानाच्या पायरीवर बसून विडी विझवत म्हणायचे, "गेलो मेलो! जाताना माझ्या म्होरसून जाता, पण उगावता खयसून तां काय दाखवणा नाय." मी म्हणायचे, "डोंगरामागून उगवतो की काका." त्यावर ते माझ्याकडे असं काही बघत की मीच अडाणी ठरायचे. "गो बाय, दर्यात गेलेलो दर्यातसूनच भायर येतलो. मधी डोंगर इलो ती आमची फुटकी कपाळां."

मी कुडाळकडची. लग्न होऊन मालवणच्या किनाऱ्यावर आले तेव्हा मला रापण ठाऊक नव्हती. होडीने जाळं दर्यात लांब फिरवून टाकायचं आणि त्याच्या दोन टोकांच्या दोऱ्या अख्ख्या वाडीने वाळूवर उभं राहून ओढायच्या. मग मासळीचे वाळूतच वाटे पडत. आमचे तांडेल, म्हणजे रापणीचे म्होरके बाबीमामा, वाट्यांकडे पाठ करून उभे राहत. कोणीतरी एका वाट्याला बोट लावून विचारी, "ह्यो कोणाचो?" आणि मामा न बघता एकेक नाव घेत. मोठा आला तर नशीब, लहान आला तरी नशीब. भांडायला जागाच नाही. दोरीला ज्याचा हात, त्याला वाटा. आजारी असेल त्याला त्याच्या नावाने आणि कोणी वारला तर त्याच्या बायकोला तिच्या नावाने.

ह्या रीतीला सदूकाकांइतकं कोणीच जपलं नसेल. एकदा ते कणकवलीच्या बाजारातून उशिरा परतले तेव्हा जाळं किनाऱ्याला लागलं होतं. मामांनी तरी त्यांचं नाव घेतलं. काकांनी ते बांगडे पायाने शेजारच्या वाट्यात सारले. "जां वडूक नाय, तां घशाखाली उतरात कसा?" त्या दिवशी त्यांच्या घरी कुळथाची पिठी शिजली आणि सुलूकाकीने त्यांचा जो उद्धार केला तो आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आला. काका मात्र भुरके मारून जेवले.

बाजारात मासे न्यायला त्यांच्याकडे जुनी राजदूत मोटारसायकल होती. तिला बांगड्यांचा वास इतका मुरला होता की गाडी थांबली की मांजरं जमायची. तिच्यावरून ते नांदगावच्या पलीकडे कधी गेले नव्हते. म्हणून २००४ची दिवाळी झाल्यावर त्यांनी पायरीवरून जाहीर केलं, "उगवतीचो दर्यो बघून येतंय, गाडयेन," तेव्हा आम्ही खो खो हसलो. दुसऱ्या दिवशी गाडीला नवे टायर दिसले. हसणं थांबलं. पंचावन्नच्या पुढचा माणूस, मराठीशिवाय भाषा नाही, आणि एकटा कन्याकुमारीला वळसा घालून मद्रासच्या बाजूला निघाला!

बाबीमामा तर लालबुंद झाले. "पावसात जा मगे. रापण बंद आसता तेवां."

"पावसात सूर्य खंय दिसता? तुझ्या टकलार?"

"ऐन हंगामात दोरी सोडतंस? तू आजारी नाय, खुळो झालंस. तुझो वाटो बंद!"

"बंदच कर. वडूक नाय तो खातलंय कशाक?" काका शांतपणे म्हणाले. दोघे लहानपणापासूनचे दोस्त, पण त्यानंतर बोलेनासे झाले. वाटा बंद म्हणजे नुसते मासे बंद नव्हते, रापणीतली जागाच जात होती. बापजाद्यांपासूनची जागा. शिमग्याआधी परत येऊन दोरी धरली तर ठेवीन, नाहीतर नाही, असा निरोप मामांनी पाठवला.

मी काकीला म्हटलं, "तू अडव ना गो!" ती त्यांच्या वाटेसाठी सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, डब्यात भरत होती. मान वर न करता म्हणाली, "जलमभर तेना माका काय मागूक नाय. आता सूर्य मागता. घे म्हटलंय."

निघायच्या सकाळी चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ मांडला. आमच्याकडे गाऱ्हाणं, म्हणजे देवाला मोठ्याने साकडं, घातल्याशिवाय कोणी गाव सोडत नाही, आणि वाडीची गाऱ्हाणी घालायचा मान बाबीमामांचा. मामा आले नाहीत. काका गाडीवर बसून वाट बघत राहिले. मग जे झालं त्याने मी थक्क झाले. काकीने पदर खोचला आणि ती स्वतः पुढे झाली. बाईमाणसाने गाऱ्हाणं घातलेलं मी ऐकलंही नव्हतं.

"बा म्हाराजा! ह्यो माझो घोव आज तुझ्या भरवशार भायर सरता..."

कोणी तोंड उघडेना. मीच पुटपुटले, "व्हय म्हाराजा."

"वाटेर तेका खय उपाशी ठेव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता सगळेच ओरडले. काका हसले, लिंबू चिरडून गाडी निघाली आणि माडांच्या आड गेली. धूर मात्र बराच वेळ तिथेच होता.

त्यांचे फोन आमच्या दुकानात यायचे. "गो बाय, काकीक सांग, जेवलंय." पहिलं वाक्य नेहमी हेच. गोकर्ण, मंगळूर, मग नावं कळेनाशी झाली. कन्याकुमारीहून मी म्हटलं, "तिथे उगवताना दिसतो ना? मग फिरा आता मागे." ते म्हणाले, "हय सगळी पर्यटकांची गर्दी. माका थंयचे मासे मारणारे बघूचे आसत."

शेवटचा फोन नाताळच्या संध्याकाळी आला, नागपट्टणच्या बाजूच्या कुठल्याशा गावातून. आवाज लहान मुलासारखा फुटत होता. "बघलंय गो! तांबडोलाल, दर्यातसून, भिजान भायर इलो! आणि आयक, हयपण रापण आसा. मी दोरयेक हात लावलंय. भाषा कळना नाय, पण वडूक भाषा कशाक व्हयी? तेनी माका वाटो दिल्यानी गो! बाब्याक सांग, वाटो दिल्यानी! उद्या सकाळी आणि येकदा वडतंय आणि परत फिरतंय."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आमचा दर्या नेहमीसारखाच होता. दुपारी दुकानातल्या टीव्हीवर पाणी दिसायला लागलं. घरं, होड्या, माणसं, सगळं एकाच पाण्यात. खाली नागपट्टणचं नाव आलं आणि माझ्या हातातली साखरेची पुडी सुटली. काकी कधी मागे येऊन उभी राहिली ते कळलंच नाही. तिने विचारलं, "ह्यां खयचा गो?"

काकीचा शिरोड्याचा जावई काकांचा फोटो घेऊन तिकडे गेला, खूप दिवस फिरून परत आला. गाडी मिळाली होती, एका देवळाच्या भिंतीला वाकडी होऊन टेकलेली. काका मिळाले नाहीत. कोणी म्हणे, इस्पितळात असतील; कोणी म्हणे, बारा वर्षं वाट बघायची असते. काकी कोणालाच काही बोलली नाही. जावई तिकडे फिरत होता ते सगळे दिवस ती कुंकू लावून रोज किनाऱ्यावर यायची आणि मासळी वेचायला मदत करून रिकामी परडी घेऊन परत जायची.

जावई परतल्यानंतरच्या पहिल्या रापणीला मी तिच्यासोबत होते. वाटे पडले. बाबीमामा पाठ करून उभे. नावं होत आली आणि एक वाटा उरला.

"ह्यो कोणाचो?"

मामांचा आवाज चिरकला. "सदूचो."

आजारी माणसाला देतात तसा वाटा होता तो. मामांनी त्यांना जिवंत ठेवलं होतं. म्हटलं, देव पावला.

काकी पुढे झाली. "बाबीभावजी, तो खंय होतो दोरयेक?"

मामा वळले नाहीत.

"तो आजारी नाय. आसतो तर फोन केल्यान आसतो, जेवलंय म्हणान. न वडलेलो बांगडो तेना कधी घरात हाडूक नाय. तेच्या नावान मी घेवचंय नाय. माझ्या नावान बोला."

बाया तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. विचारणाऱ्याचं बोट त्या वाट्यावर तसंच होतं. त्याने पुन्हा विचारलं, अगदी हळू, "ह्यो कोणाचो?"

बाबीमामांचे खांदे हलत होते. "सुलोचनेचो," ते म्हणाले.

काकीने परडी पुढे केली. घरी येऊन तिने आधी बांगडे साफ केले, मीठ लावून ठेवले, हात धुतले आणि मग कुंकू पुसलं.