दोन बटनांचा बोर्ड

जगात कुठेही कुलूप दिसले की ते आपल्यालाच चिडवायला लावले आहे, असे मानणारा माणूस भिलाईत एकच आहे आणि ते माझे भासरे आहेत, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्याकडे सुनेने भासऱ्यांशी समोरासमोर बोलायचे नसते. जाऊबाई गेल्या तेव्हापासून त्यांची मुलगी आमच्या मधली तार. भिलाईतल्याच कुरुदच्या घरात तिघे हाकेच्या अंतरावर असलो तरी ते तिला सांगत, मी दाराआडून तिलाच उत्तर देई. माझे शिक्षण चौथीपर्यंतचे, पण प्रोसेसर मला याच तारेवरून कळला.

पोरगी संगणकावर इमारतींची चित्रे करायची. मशीन इतके हळू की एका चित्रात दुपार जायची. पुण्याचे ऑफिस म्हणे, काम वेळेत झाले तर घरूनच करा. मशीन पळाले तर पोरगी घरी राहील, एवढे एकच भासऱ्यांच्या डोक्यात बसले. घाईत त्यांनी प्रोसेसर आणला तो नेमका कंपनीने वेगाला कुलूप लावलेला. सुपेला बाजारातला दुकानदार म्हणाला, "अंकल, लॉकवाला है, नहीं भागेगा." स्टील प्लांटात आयुष्य काढलेले भासरे म्हणाले, "रोलिंग मिल भी पहले दिन नहीं भागती."

मग त्यांनी वाट शोधली. कुलूप तसेच ठेवायचे, पण ज्या ठोक्यावर प्रोसेसर चालतो तो ठोकाच वाढवायचा. त्यासाठी मदरबोर्ड खास लागतो. का, ते मुलीला म्हणाले, "तुह्या काकूले सांग, गॅसच्या दोन्ही बर्नरले एकच बटन असलं तं भातासाठी आच वाढवली का दूध उतू जाते. आपल्याले दोन बटनांचा बोर्ड पायजे."

मी म्हटले, "विचार, यात दूध कोणतं?"

"डिस्क वगैरे," पोरगी हसत म्हणाली. "काकू, तू तो समझ गई. मले अजून नाही समजलं."

दोन बोर्ड परत गेले. तिसऱ्यावर ठोक्याची वेगळी चिप होती, म्हणजे दुसरे बटन. तो बसवताना भासऱ्यांनी प्लांटातली लाल पाटी घरच्या मेन स्विचला अडकवली. माणूस कामावर आहे, बटण दाबू नये. प्लांटात ही पाटी लावणाऱ्यानेच काढायची असते. मिक्सर बंद, मी पाट्यावर चटणी वाटली. "तुह्या बाबाले विचार, आज जेवण करतेत का?" उत्तर आले, "शटडाऊन चालू आहे." बोर्ड बसल्यावर थोडा वेग वाढवायचा, मशीन बंद पडले की एक पाऊल मागे यायचे, आणि मधून मधून मशीनच्या डब्याला उलटा हात लावायचा. तापलेल्या मोटारीला लावतात तसा, की तापलेल्या लेकराला, हे मला कधी ठरवता आले नाही.

मशीन पळाले. दुपारभराचे चित्र चहा उकळेपर्यंत तयार होऊ लागले. ऑफिसला ती चित्रे इतकी आवडली की त्यांनी पोरीला मोठ्या कामावर पुण्यालाच बोलावून घेतले. भासरे एवढेच म्हणाले, "जा." तिची बॅग त्यांनीच स्टेशनवर उचलली.

नंतर एका दुपारी ते मशीनसमोर बसले होते. शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून सवयीने बोलले, "तुह्या काकूले सांग, आता कोणासाठी पळवाचं? वेग उतरवून टाकतो."

सांगायला मधे कोणी नव्हते. त्यांना काय म्हणून हाक मारायची, हेही कधी ठरलेले नव्हते. मी हाक न मारताच दाराआडून म्हटले, "राहू द्या. दिवाळीत आली तं लागन तिले."

त्यांनी मान वळवली नाही. मग उठून त्यांनी लाल पाटी आणली आणि मशीनला अडकवली, वेगाला कोणी हात लावू नये म्हणून.

अजून ते रोज थोडा वेळ मशीन चालू करतात, उलट्या हाताने ताप पाहतात. आणि आता खुर्चीला नाही, दाराला सांगतात, "बरी आहे."

मी आतून म्हणते, "हो."