पाण्यात चालणारा ठिपका

आमच्या फिरणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये अकरा माणसं होती, आणि प्रत्येकाच्या फोनमध्ये बाकीचे दहा जण ठिपके होऊन दिसत. ही सोय केजमधल्या एका मिस्त्रींनी केली. त्यांचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे, पण फोनमधलंही त्यांना चांगलं कळतं. रविवारी आम्ही जीप करून धरणावर जायचो, भिंतीवर फिरायचो, चहा पिऊन परतायचो. कोण पुढं, कोण मागं, कोण चहावाल्याकडं आधीच जाऊन बसलंय, सगळं नकाशावर दिसायचं. मी कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर काम करतो. काटा दाखवेल ते खरं मानायची सवय. ठिपक्यांवरही माझा तसाच विश्वास बसला.

हे ॲप मुळात आबांसाठी घेतलं होतं. आबा आमच्या शेजारी राहतात. माझ्या बायकोच्या माहेरच्या गावचे, म्हणून मला जावई म्हणतात. त्यांचं मूळ गाव धरणात गेलं तेव्हा ते मिसरूड फुटायच्या वयाचे होते. बायको जन्मली ती नव्या, पुनर्वसनाच्या गावात. जुनं गाव तिनं पाहिलेलं नाही. दोन-अडीच वर्षांपासून आबांचं विसरणं वाढलं होतं. आधी नावं गेली, मग वार गेले. एकदा बसस्टँडवर जाऊन परळीच्या गाडीत बसले आणि कंडक्टरला म्हणाले, "उतार आला की सांगा." कुठला उतार, ते त्यांनाही सांगता येईना.

त्या दिवशी त्यांचा मुलगा मला म्हणाला, "तुमच्या भरवशावर फिरायला पाठवतो. पण एकदा जरी वाट सोडली, तर फोन बी काढून घेईन अन् भाईरून कडी बी लावीन. मला शेत बघायचंय, बापाच्या मागं किती पळू?"

आबा तिथंच बसले होते. त्यांना हे कळलं. त्या दिवसापासून ते फोन गळ्यात अडकवून शर्टच्या आत घालायला लागले. चालायला मिळणं एवढंच त्यांच्याकडं उरलं होतं.

यंदाच्या उन्हाळ्यात धरण पार तळाला गेलं. पाणी मागं सरकत गेलं आणि मोकळ्या पडलेल्या गाळात वेड्या बाभळींचं रान माजलं. त्या रविवारी सकाळी हवेत धुरळा होता. ऊन होतं, पण सावली पडत नव्हती. भिंतीवरून खाली बघितलं तर बाभळींचे शेंडे, आणि त्यांच्यापलीकडं नुसतं पांढुरकं काहीतरी.

चहाच्या वेळी मिस्त्री फोन बघत होते. ते एकदम म्हणाले, "सर, आबा पाण्यात हायेत."

"पाण्यात कसे?"

"बघा ना. ह्ये भिंत. ह्ये आपण दहा. अन् ह्ये आबा."

नकाशा धरण भरल्या वेळचा होता. त्यात सगळीकडं निळं पाणी, आणि निळ्याच्या आत, भिंतीपासून किलोमीटरभर, आबांचा ठिपका. मी चहा टाकून उठलो. मग लक्षात आलं, तिथं आता पाणी नाही. पण गाळ आहे. वरून वाळलेला, भेगा पडलेला, आत ओला. दरवर्षी एखादं जनावर त्यात फसतं.

आबांना हाका मारल्या, फोन लावला. रिंग जात होती, ते उचलत नव्हते. मिस्त्रींनी त्यांच्या मुलाला फोन लावला. तो नव्या गावाजवळच्या शेतातच होता. "आलोच," एवढंच म्हणाला.

ठिपका चालत होता. मी तो बघत राहिलो, आणि मला काहीतरी खटकलं. वाट चुकलेला माणूस असा चालत नाही. ठिपका सरळ जायचा, थांबायचा, काटकोनात वळायचा. पुन्हा सरळ, पुन्हा वळण. एका जागी तो चांगला रेंगाळला, देवळापुढं माणूस रेंगाळतो तसा. मोकळ्या गाळात वळायला होतं काय?

मिस्त्रीही तेच बघत होते. हळूच म्हणाले, "सर, ह्ये तर गल्लीतून चालल्यावानी चाललेत."

बाकीच्यांपैकी कुणीच हसलं नाही.

मी खाली उतरलो. ठरलं ते असं, की मिस्त्री भिंतीवरून दोन्ही ठिपके बघतील आणि मला फोनवर वाट सांगतील. बाभळीतून बाहेर पडलो तशी मागची भिंत धुरळ्यात दिसेनाशी झाली. पुढं मोकळं मैदान. शिंपले, वाळलेले मासे, बाटल्या. कुठं कुठं एका रेषेत मांडल्यासारखे दगड जमिनीतून वर आलेले. पक्षी होते, बगळे. पण ते ओरडत नव्हते.

"आबा थांबलेत," मिस्त्री कानात म्हणाले. "तुमी त्यांच्या मागं मागं जाऊ नका, लई वळसा हाय. सरळ मधून जावा."

सरळ रेघ सगळ्यात जवळची, हे मलाही पटलं. मी सरळ निघालो. थोडं अंतर गेलो असेन, डावा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. काढायला गेलो तर उजवाही. खालची जमीन गार होती, आणि पायाला तळ लागत नव्हता. मी पालथा पडून, कोपरांवर रेटत बाहेर आलो. मिस्त्री फोनमध्ये विचारत होते, "सर, तुमी बी थांबलात? सर?"

मग दिसल्या चपला.

दोन चपला, गाळात, एकमेकींना लावून ठेवलेल्या. टाचा माझ्याकडं. त्यांच्या पुढं एक लांब घडीव दगड, मधे झिजलेला. दगडाच्या पलीकडं चौकोन: हातभर उंचीच्या दगडांच्या चार ओळी, आणि आत तोच गाळ. त्या चौकोनाच्या कोपऱ्यात आबा मांडी घालून बसले होते. दगडांच्या मागं, दहा-पंधरा हातांवर, धरणाचं उरलेलं पाणी सुरू होत होतं.

"या जावई," ते म्हणाले. मग माझ्या पायांकडं बघितलं. "आडावरून आलात व्हय? तिकडून कोन येतं? पडला असतात की."

मी फोन काढला. आबांची वाट नकाशावर रेघ होऊन उमटलेली होती. मी जिथं फसलो, त्या जागेला वळसा घालून ती गेली होती. वरून तिथं विहिरीसारखं काहीच नव्हतं, ना दगड, ना खड्डा. आसपासच्या गाळासारखाच गाळ.

मी उंबऱ्यावर पाय ठेवणार, तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"थांबा की. पाय धुवा, मंग आत या. पहिल्यांदा येताय." आणि मान वळवून रिकाम्या कोपऱ्याला म्हणाले, "माय, जावई आलेत. पाणी दे त्यांना."

आमच्याकडं जावई दारात आला की आधी पायांवर पाणी घालतात. ती रीत मला माहीत होती, आणि तरी मी तिथं गारठल्यासारखा उभा राहिलो. आबा त्या कोपऱ्याकडं बघत होते; कुणी भांडं शोधत असलं की आपण बघतो तसं, जरा अधीर.

"देतीय. थांबा," ते मला म्हणाले.

मी बूट काढले आणि थांबलो. किती वेळ, ते सांगता येत नाही. तेव्हाच माझं लक्ष त्यांच्या पायांकडं गेलं. एवढा गाळ तुडवून आलेला माणूस, आणि पाय घोट्यापर्यंत धुतलेले. ओले. पाण्याच्या कडेपर्यंत जाऊन आले असतील म्हणावं, तर मागच्या बाजूला गाळावर पाऊल उमटलेलं नव्हतं. त्यांची पाण्याची बाटली जीपमध्येच होती. ते मी परत गेल्यावर मुद्दाम बघितलं. बघितलं ते सांगतो, त्यापलीकडचं मला माहीत नाही.

मुलगा नव्या गावाच्या बाजूनं आला. दगडांची ओळ ओलांडून तो सरळ आत शिरणार होता. चेहरा रागानं काळा पडलेला.

"कोन हाय त्ये?" आबा मोठ्यानं म्हणाले. "भिंतीवरून का म्हून येता? दार हाय की!"

मुलाचा उचललेला पाय तसाच राहिला. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी झिजलेल्या दगडाकडं बोट केलं. तो दगडांना पूर्ण वळसा घालून आला, माझ्या बुटांशेजारी त्यानं चपला काढल्या आणि उंबरा ओलांडून आत गेला.

"बसा पाव्हनं," आबा म्हणाले. "कोन्या गावचे?"

मुलानं नव्या गावाचं नाव सांगितलं.

"ऐकलं न्हाई," आबा म्हणाले.

तो त्यांच्यासमोर बसला. मग विचारलं, "चूल कुठं हाय?" आबांनी दाखवली. "अन् तुमी झोपता कुठं?" तेही दाखवलं. त्यानं तिथल्या गाळावर हात ठेवून पाहिला.

निघताना आबा सगळ्यात मागं राहिले. उंबऱ्याबाहेर येऊन ते वळले, दोन्ही हातांनी हवेत काहीतरी ओढून घेतलं आणि वर हात नेऊन कडी घातली. ती नीट बसली की नाही, एकदा हलवून बघितली. मुलगा हे बघत होता. कडी लावीन म्हणाला होता तो हाच. आडाला वळसा घालून आबांनीच आम्हाला बाहेर आणलं. मिस्त्री म्हणाले, दोन ठिपके एकामागं एक गल्लीतून आले.

जीपपाशी मुलानं फोन काढून घेतला नाही. मला म्हणाला, "ऱ्हाऊ द्या त्यांच्याकडं. अन् मला बी घ्या ग्रुपात."

आता आम्ही बारा जण आहोत. पाणी चढेपर्यंत ते दोघं रोज खाली जात होते. मग पावसाळ्यात धरण भरलं आणि नकाशा पुन्हा खरा झाला.

गेल्या रविवारी भिंतीवर चहा घेत होतो. आबा माझ्या आणि मुलाच्या मधे बसले होते, खांद्याला खांदा लागत होता. मी सवयीनं फोन बघितला. अकरा ठिपके भिंतीवर होते. बारावा, आबांचा, निळ्याच्या आत, त्याच जागी, स्थिर. मुलाच्या फोनमध्येही तसंच दिसत होतं.

"नेटवर्क," तो म्हणाला.

"हो, नेटवर्क," मी म्हणालो. अशी चूक होते, मिस्त्रींनी सांगितलेलं आहे.

आबांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांच्या चपला बाजूला होत्या, एकमेकींना लावून, टाचा आमच्याकडं.